काळं मुखपृष्ठ, रडणारा डूम आणि मुलाचा एक प्रश्न

एडिसनकर

मंडळी, गेल्या शनिवारी तळघर आवरायला काढलं. तिसऱ्या खोक्यात जुन्या कॉलिंग कार्डांच्या गठ्ठ्याखाली (पाच डॉलरच्या कार्डात आईशी बोलणं कधीच पुरं व्हायचं नाही, आठवतंय का कुणाला?) एक कॉमिक निघालं. मुखपृष्ठ काळंकुट्ट. वर फक्त नाव, 'द अमेझिंग स्पायडरमॅन', अंक ३६. नोव्हेंबर २००१ मध्ये आलेला. लेखन जे. मायकल स्ट्रॅझिन्स्की, चित्रं जॉन रोमिटा ज्युनियर.

तेव्हा मी जर्सी सिटीत आणखी तिघांबरोबर एका खोलीत राहायचो. ११ सप्टेंबरच्या सकाळी एक्स्चेंज प्लेसच्या धक्क्यावरून नदीपलीकडे जे दिसलं त्याबद्दल इथे काही लिहीत नाही. कॉमिक वाचायची मला सवयही नव्हती. ऑफिसातल्या एका पोराने अंक हातात ठेवला, ट्रेनमध्ये वाचला आणि न्यूअर्क येईस्तोवर चष्मा पुसत बसलो.

परवा चिरंजीवांनी (वय १४) तो वाचून विचारलं, "बाबा, हे सगळे हिरो न्यूयॉर्कमध्येच राहतात ना? मग थांबवलं का नाही?" गंमत बघा, अंकातही लोक स्पायडरमॅनला हेच विचारतात, कुठे होतास म्हणून. त्याच्याकडे उत्तर नसतं. आम्हाला असं काही सुचूच शकलं नाही, एवढंच तो मनाशी म्हणतो.

मी पुन्हा वाचला. निम्म्या पानांवर अजूनही गळा दाटतो, निम्म्या पानांवर ओशाळल्यासारखं होतं. म्हणून विचारतो. देशावर एवढा मोठा घाला पडतो तेव्हा रंगीत चड्ड्या घालून उडणाऱ्या मंडळींनी त्यात पडावं का? आणि पडलंच तर कसं?

सांजपाखरू

वाचतेय. एरवी अशा धाग्यावर पॉपकॉर्न घेऊन बसते, आज नुसता चहा.

तिरकस_तात्या

अजिबात पडू नये. हा अंक मी वाचलाय. ढिगाऱ्यापाशी डॉक्टर डूम उभा आहे आणि त्याच्या डोळ्यांत पाणी! अहो, या गृहस्थाने आजवर किती वेळा न्यूयॉर्क खलास करायचा घाट घातला त्याची मोजदाद नाही. शकुनीमामाने अभिमन्यूच्या सुतकात मुंडण करून बसावं तसा प्रकार. शेजारी मॅग्नेटो, किंगपिन, सगळी गँग हजर. शोकसभेला गावगुंड पांढरे कपडे घालून पहिल्या रांगेत बसतात ना, तसे.

कॉमिकवेडा_धुळे

तात्या, डूमच्या अश्रूंवरून तेव्हाही पुष्कळ टिंगल झाली, मान्य. पण त्या अंकाचं मर्म डूममध्ये नाहीच. चौकटी नीट बघा. मोठी, पान भरून काढलेली माणसं कोण आहेत? अग्निशामक दलाचे जवान, पोलीस, डॉक्टर. कॅप्टन अमेरिका, थॉर वगैरे दगडविटा उचलणारे हमाल झालेत. नेहमीची उतरंडच उलटी केलीय.

सुपरमॅनवाल्या डीसी कॉमिक्सनेही तेच केलं. २००२ च्या सुरुवातीला त्यांचा ९-११ नावाचा संग्रह आला, पैसे मदतनिधीला. मुखपृष्ठ अॅलेक्स रॉसचं. सुपरमॅन आणि त्याचा कुत्रा क्रिप्टो पाठमोरे उभे, माना वर करून एका भल्यामोठ्या भित्तिचित्राकडे बघतायत आणि त्यावर आहेत फायरमन, पोलीस, वैद्यकीय कर्मचारी. सुपरमॅनने मान वर करून माणसाकडे बघणं, एवढीच कल्पना.

आतली एक गोष्ट मला त्या काळ्या अंकापेक्षा सरस वाटते. स्टीव्हन सीगलने लिहिलेली, जेमतेम दोन पानांची. सुपरमॅन आपल्याला काय काय जमतं ते सांगतो. उडता येतं, पोलाद वाकवता येतं, गोळी अडवता येते. एकच गोष्ट जमत नाही, या कागदातून बाहेर येणं. एडिसनकर, तुमच्या मुलाच्या प्रश्नाचं सरळ उत्तर तिथे आहे. तो अंक मिळवून द्या त्याला.

तिरकस_तात्या

ही कागदाची गोष्ट मात्र आवडली. लिखाण आपली पायरी ओळखून आहे. डूमला माफी नाही ती नाहीच.

शाईवाले_काका

काळ्या मुखपृष्ठाचा विषय निघाला म्हणून राहवत नाही. तीस वर्षं ऑफसेटवर काढली, आता निवृत्त.

काळा रंग छापणं म्हणजे नुसती काळी शाई ओतणं नव्हे, भल्याभल्यांचं इथे फसतं. मोठ्या जागेवर एकटी काळी शाई दिली की ती पाटीसारखी करडी दिसते. मग खाली निळा, थोडा लाल, पिवळा द्यायचा आणि वर काळा. तेव्हा कुठे विहिरीत डोकावल्यासारखा काळा येतो. पण शाई वाढली की वाळत नाही आणि वरच्या तावाच्या पाठीला लागते. एकदा एका दिवाळी अंकाचं काळं मुखपृष्ठ आम्ही असं घाईत छापलं. सकाळी गठ्ठे सोडले तर मागच्या पानावरच्या साडीच्या जाहिरातीतल्या बाईंना मिशा! मालकाने चार महिने पैसे अडवले.

हे सांगायचं कारण, काळ्यावर काळं छापून दुःख कसं दाखवावं याचा माझ्या मते सर्वोत्तम नमुना कॉमिकचा नाहीच, पण काढणारा माणूस कॉमिकवालाच आहे. 'न्यूयॉर्कर'चा २४ सप्टेंबर २००१ चा अंक. मुखपृष्ठ आर्ट स्पिगेलमनचं, त्यांच्या पत्नी फ्रांस्वाझ मूली त्या साप्ताहिकाच्या कला-संपादक. पहिल्या नजरेला कोरं काळं पान. उजेडात तिरकं धरलं की दोन मनोरे दिसतात. पार्श्वभूमीचा काळा नेहमीच्या चार शायांचा, मनोरे पाचव्या, वेगळ्या काळ्या शाईचे, वर वार्निश. उत्तरेकडच्या मनोऱ्याचा अँटेना साप्ताहिकाच्या नावातल्या 'डब्ल्यू' अक्षराला छेदून वर जातो. माझ्या भाच्याने एक प्रत आणून दिली होती. ट्यूबखाली धरली, काही नाही. खिडकीशी नेऊन जरा कलती केली आणि हातातला चहा तसाच राहिला.

आहेत आणि नाहीत, दोन्ही एकाच कागदावर. हे पडद्यावर कळायचं नाही, कागद हातातच घ्यावा लागतो.

सांजपाखरू

काका, साष्टांग दंडवत. मिशांसाठी वेगळा.

एडिसनकर

काका, माझ्या अंकाचा काळा आता खरंच पाटीसारखा झालाय. कडेला बोटांचे ठसेही उठलेत. इतकी वर्षं वाटत होतं की तळघरातल्या ओलीमुळे.

मीरा_ओसाका

इथे सगळं अमेरिकेभोवती फिरतंय म्हणून जरा वेगळं.

जपानमध्ये 'हादाशी नो गेन', म्हणजे अनवाणी गेन, नावाची चित्रकथा आहे. केइजी नाकाझावा यांची. ६ ऑगस्ट १९४५ ला ते हिरोशिमात सहा वर्षांचे होते. सव्वाआठला शाळेच्या फाटकाशी पोचले होते, शाळेची भिंत आड आली म्हणून वाचले. वडील, बहीण आणि धाकटा भाऊ घराखाली सापडून गेले. आई गरोदर होती, ती त्याच दिवशी बाळंत झाली. ते बाळही पुढे जगलं नाही.

पुढे ते टोकियोत जाऊन चित्रकार झाले, पण बॉम्बवर काही काढायचं नाही असंच धरून होते. १९६६ मध्ये आई गेली. इथे दहनानंतर घरची माणसं चॉपस्टिकने अस्थी वेचतात, आपल्याकडे तिसऱ्या दिवशी वेचतो तशा. आईच्या राखेत त्यांना धड हाडंच सापडली नाहीत. किरणोत्साराने तीही नेली, असं त्यांचं म्हणणं. तिथून हा माणूस पेटला. १९७३ पासून 'शोनेन जंप'मध्ये गेन सुरू झाला. मुलांचं साप्ताहिक आहे हे, पुढे 'ड्रॅगन बॉल' ज्यात आलं तेच!

त्यात कोणी येऊन वाचवत नाही. घर जळत येतं आणि आईला ओढून न्यावं लागतं. शेजारणीने हे पुस्तक दिलं तेव्हा तो भाग मी उभ्यानेच वाचला, बसायचं सुचलं नाही. आणि पुस्तक नुसतं रडत नाही, ते सम्राटावर आणि आपल्याच युद्धखोर सरकारवर जाम चिडलेलं आहे. म्हणूनच काहींना ते खुपतं. २०१२ मध्ये मात्सुए शहरातल्या शाळांच्या वाचनालयांतून ते मुलांच्या हाती पडू नये अशी व्यवस्था केली गेली, बोभाटा झाल्यावर २०१३ मध्ये मागे घेतली. २०२३ मध्ये खुद्द हिरोशिमाच्या शिक्षण मंडळाने शांतता-शिक्षणाच्या साहित्यातून ते काढलं.

तेव्हा श्रद्धांजली वाहण्याचा प्रश्न येतो तो बाहेरच्यांना. नाकाझावा वाहत बसले नाहीत, त्यांनी साक्ष दिली.

तिरकस_तात्या

मीराताई, पहिल्यांदाच या संस्थळावर विनाअट सहमत होतोय. नोंद घ्यावी.

कॉमिकवेडा_धुळे

मीराताई, प्रतिसाद जबरदस्त. पण एक शंका. ज्याने भोगलं त्यानेच काढावं असं म्हटलं तर बाकीच्यांनी गप्पच बसायचं का? स्पिगेलमन तर शेजारीच राहत होते, मुलगी मनोऱ्यांच्या अगदी जवळच्या शाळेत. तिला आणायला नवराबायको धावत गेले. त्यावरचं त्यांचं 'इन द शॅडो ऑफ नो टॉवर्स' २००४ मध्ये आलं, जाड पुठ्ठ्याची वर्तमानपत्राएवढी पानं. त्यात साक्ष आहे आणि विदूषकी चाळेही आहेत. शंभर वर्षांपूर्वीच्या रविवार पुरवण्यांतली पात्रं डोक्यावर जळते मनोरे घेऊन पळतात. बुशवर इतकी टीका की सुरुवातीला ही पानं मुख्यतः जर्मनीच्या 'डी त्साइट'मध्ये छापली जात होती. शोकात थट्टा चालते की नाही, यावर तात्यांचं मत?

तिरकस_तात्या

ज्याचं सुतक त्याने केलेली थट्टा चालते.

दाढीवाला_पेणकर

एडिसनकरांच्याच काळात मीही तिकडे होतो. फक्त मला दाढी होती. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ट्रेनमध्ये एका म्हातारीने मला पाहिलं आणि पिशवी उचलून दुसऱ्या डब्यात गेली. बोलली काहीच नाही. संध्याकाळी दाढी काढली. आईला फोटो पाठवला तर ती खूश, म्हणाली आता कसा माणसात आलास. तिला कधीच कारण सांगितलं नाही.

तेव्हा ॲरिझोनात मेसा गावी बलबीरसिंग सोधी यांना त्यांच्या पेट्रोल पंपावर गोळ्या घातल्या, १५ सप्टेंबरला. फेटा बघून. एडिसनकर, तुमच्या काळ्या अंकात ढिगाऱ्यापाशी सगळे जमलेत, ठीक. पण त्या आठवड्यात आमच्यासारख्यांच्या पोटात जो गोळा होता त्याला किती चौकटी मिळाल्या?

एक मिळाली ती सांगतो. २००२ मध्ये 'कॅप्टन अमेरिका' नव्याने सुरू झालं, जॉन नी रीबर आणि जॉन कॅसडेचं. पहिल्याच अंकात मुलगी गमावलेला एक बाप रस्त्यात एका अरब पोरावर धावून जातो आणि कॅप्टन मधे पडतो. मला विचाराल तर कॅप्टन अमेरिकाने आयुष्यात केलेलं हे सगळ्यात उपयोगाचं काम.

दुसरं म्हणजे विश्वजीत सिंग. न्यूयॉर्कचे शीख व्यंगचित्रकार, ११ सप्टेंबरनंतरच्या त्या वातावरणामुळेच चित्रं काढू लागले. त्यांनी फेट्यातला कॅप्टन अमेरिका काढला आणि २०१३ मध्ये स्वतः तो वेश घालून मॅनहॅटनमध्ये हिंडले. हडकुळा माणूस, चष्मा, दाढी, फेटा, हातात ढाल. लोक थांबवून फोटो काढत होते. फेटा तोच, शहर तेच.

सांजपाखरू

दाढीवाला, 'माणसात आलास' वाचून कसंतरी झालं.

एडिसनकर

पेणकर, त्या सप्टेंबरात आमच्या खोलीतल्या हैदराबादच्या मित्राने मेलबॉक्सवरचं आपलं नाव काढून माझं लावलं होतं. तुमचं वाचेपर्यंत विसरलो होतो.

वेताळाची_अंगठी

जरा अवांतर. आमच्या लहानपणी इंद्रजाल कॉमिक्समध्ये वेताळ (म्हणजे फँटम) मराठीत बोलायचा आणि वेळेवर पोचायचा. न पोचणारा हिरो आम्हाला चाललाच नसता, वाण्याकडे अंक परत केला असता. लायब्ररीवाले अण्णा वेताळाचे दहा पैसे आणि मँड्रेकचे पाच घ्यायचे, यावरून प्रतिष्ठा समजा.

शाईवाले_काका

त्यातल्या कवटीच्या ठशासाठी आम्ही बटाट्याचे शिक्के केले होते.

वेताळाची_अंगठी

काका, आम्ही भेंडीचे करायचो, कवटी कमी आणि फूल जास्त दिसायचं.

संपादक_पाळी

भाजीपाल्यासाठी पाककृती विभाग आहे. कृपया विषयावर या.

कॉमिकवेडा_धुळे

विषयावर. न पोचणाऱ्या हिरोवरून आठवलं. 'एक्स माकिना' नावाची मालिका २००४ ला सुरू झाली, ब्रायन के. वॉन आणि टोनी हॅरिसची. तिथला हिरो पोचतो, पण एकाच विमानापर्यंत. पहिल्या अंकाच्या शेवटच्या पानावर न्यूयॉर्कच्या आकाशात एकच मनोरा उभा दिसतो. दोन्ही पडलेले पाहून डोळे सरावलेत, तो एकटा उभा बघवत नाही.

औशाची_सून

मी कॉमिक फारशी वाचत नाही. एकच विचारते. तुम्ही सगळे न्यूयॉर्क, हिरोशिमा फिरून आलात. किल्लारीच्या भूकंपावर कुणी काढलंय का? ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक दमून झोपलेले आणि पहाटे चारच्या सुमाराला सगळं खाली आलं. दगडमातीची जाड भिंताडं, माळवदाची घरं. सासूबाई अजून पावसाळ्यात पत्र्याच्या खोलीत झोपतात, स्लॅबखाली नाही. चित्र काढायचं तर त्या पत्र्याचं काढा.

रेघोट्या

औशाची सून, तुमची शेवटची ओळ वहीत लिहून घेतली.

मी पोटासाठी पाठ्यपुस्तकांची चित्रं काढते, हौसेने चित्रकथा. म्हणून करणारीच्या बाजूने सांगते. भीषण प्रसंग काढताना पहिली पंचाईत होते ती आवाजाची. कॉमिकची सवय म्हणजे 'धडाड्', 'ढिश्याँव'. ११ सप्टेंबरच्या चौकशी आयोगाच्या अहवालाची चित्रावृत्ती २००६ मध्ये आली, सिड जेकबसन आणि अर्नी कोलोन यांची. दोघं आधी कॅस्पर भूत आणि रिची रिचवाल्या हार्वी कॉमिक्समधले. त्यांनी एक गोष्ट फार छान केली. चारही विमानांच्या चार आडव्या पट्ट्या एकाखाली एक, एकाच घड्याळावर. कुठल्या मिनिटाला कुठलं विमान कुठे, हे सरकारी अहवालाचे परिच्छेद वाचून कळत नाही ते तिथे एका नजरेत कळतं. पण विमान आदळतं तिथे त्यांनी मोठ्या अक्षरांत आवाज लिहिला आणि लोक भडकले. स्पायडरमॅनवाल्या मार्व्हलने २००२ च्या 'अ मोमेंट ऑफ सायलेन्स'मध्ये उलट केलं, सगळ्या गोष्टी बिनशब्दांच्या.

पण शांतताही कधीकधी सोपी पळवाट असते. काळं पान, मुकी चौकट, झालं. मी स्वतः केलंय हे, म्हणून बोलते.

डोंबिवली_फास्ट_नाही_स्लो

रेघोट्या, आवाजाचं तुम्ही म्हणालात म्हणून लिहिते, नाहीतर नुसती वाचत होते.

२६ नोव्हेंबर २००८ ला मी सीएसटीहून ८.५२ ची लोकल पकडून घरी गेले होते. तासाभराने तिथे गोळीबार सुरू झाला. तीन दिवसांत मुंबईत १६६ माणसं गेली. त्यावर सिनेमे आले, मालिका आल्या, सगळ्यांत बंदुका. मला कुणी विचारलं तर मी कॉमिक एकाच माणसाचं काढीन. विष्णू झेंडे, रेल्वेचे उद्घोषक. वरच्या काचेच्या केबिनमध्ये ड्युटीवर होते. त्यांना खालचं दिसत होतं. लोकलमधून उतरणाऱ्यांना काहीच दिसत नव्हतं. ते माईकवरून सांगत राहिले, इकडे येऊ नका, मागच्या बाजूने बाहेर पडा. हिंदीत, मराठीत, पुन्हा पुन्हा. केबिनवर गोळ्या आल्या तरी.

आम्ही रोज त्या भोंग्यांना शिव्या देतो, खरखर करतात म्हणून.

रेघोट्या

अहो! हा तर कॉमिकसाठीच घडल्यासारखा प्रसंग आहे. सिनेमात आवाज ऐकू येऊन विरून जातो. चित्रकथेत त्याचा संवादाचा फुगा काढावा लागतो, त्याला जागा लागते. इथे माणूस एका खोक्यात आणि त्याचे फुगे आख्ख्या स्टेशनभर, प्रत्येक खांबाच्या भोंग्यातून, माणसांच्या डोक्यांवर. ज्या बाजूला फुगा आहे त्या बाजूला माणसं वळतायत. बंदूक एकदाही दाखवायची गरज नाही.

तिरकस_तात्या

रेघोट्या, काढा हो. पण त्यात डूम नको.

दाढीवाला_पेणकर

आणि आधी त्यांना विचारा. हयात माणसाचं आयुष्य आहे, आपलं साहित्य नव्हे.

रेघोट्या

हो, ते पहिलं. तोवर फक्त रिकामं स्टेशन आणि फुगे, माणसाचा चेहरा नाही.

शाईवाले_काका

फुग्यांना पांढरा नका देऊ, स्टेशनच्या ट्यूबचा पिवळट द्या. आणि कागद बिनचकाकीचा घ्या. छपाईचं मी बघतो. वाळायला पुरता वेळ देणार असाल तरच.

एडिसनकर

धाग्याचं सार्थक झालं. धुळेकरांनी सांगितलेला डीसीचा संग्रह इथल्या वाचनालयात मिळाला. चिरंजीवांनी सुपरमॅनची दोन पानं वाचली, जरा वेळ गप्प. मग म्हणाला, "ओके, म्हणजे तो सॉरी म्हणतोय."

मग मी त्याला झेंड्यांबद्दल सांगितलं. त्याचा पहिला प्रश्न, "त्या रात्री ते घरी कसे गेले? ट्रेन तर बंद असेल ना." मला माहीत नाही. डोंबिवलीकर, तेव्हा लोकल कधी सुरू झाल्या होत्या?

डोंबिवली_फास्ट_नाही_स्लो

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टेशनवर गेले होते तेव्हा गाडी होती. चढले नाही.